ठकूमावशीचा धवला

लोधिवलीचा माणूस शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "मास्तर, ठकूमावशी गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "कोणी काही केलं का तिला?" तो गोंधळला. "नाय हो, झोपंतच गेली." मी खुर्चीत बसलो... दुःख नंतर आलं, आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याला आता महिना होऊन गेला.

ठकूमावशी धवलारीण होती. आमच्या खालापूर भागात लग्नाचे विधी चालू असताना धवले, म्हणजे त्या विधींची गाणी, गाणारी ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. तिची आईही तेच करायची. पाताळगंगेपलीकडच्या एका गावात ती गात असताना नवरा मुलगा मांडवातच कोसळला. घाबरून तिचं गाणं मधेच थांबलं, आणि मुलगा काही उठला नाही. हिनेच गाण्यातून करणी केली, नाहीतर थांबली कशाला, असं लोक म्हणाले. त्याच संध्याकाळी माणसं तिच्या घरावर चालून गेली. आई त्यात गेली. ठकू तेव्हा आठ वर्षांची, त्या वेळी घरातच होती. ती लोधिवलीला मामाकडे वाढली. "तुजी आयस गाण्यापायी मेली. तोंड उघडशील तर बघ," असा मामीचा रोजचा दम. जात्यावर बसून, ओठ मिटून, तिने आईचे धवले जिवंत ठेवले.

मामी वारल्यावर ती उघड गाऊ लागली. इतर धवलारणी देवांना बोलावतात, नवरीचं रूप गातात. ठकूमावशी संकटांना नावानिशी हाका मारायची, त्या ओळी तिच्या स्वतःच्या. "वाटंवरल्या नागोबा, आज बिळात नीज... नदीबाय, आज घोट्याखाली ऱ्हा." तापाला, विहिरीला, मांडवातल्या वाईट नजरेला ती हात जोडायची. बायका पदराने डोळे पुसायच्या. केवढं काळजाला भिडणारं गाते, असं सगळे म्हणत. ती मात्र खरोखरच विनवण्या करत असायची.

माझ्या बहिणीच्या लग्नात मी तिच्या शेजारीच उभा होतो. हळद लावताना नवरदेवाचे डोळे फिरले आणि तो आडवा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "हिची आयस बी अशीच..." सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. मी तिचा दंड धरला. "मावशी, आत चल." ती हलली नाही. गातच राहिली. आवाज चिरकत होता, लुगडं खालून ओलं झालेलं मला दिसलं... पण एक शब्द तिने गाळला नाही. कोणी पाण्याचे हबके मारले, कोणी गुळाचा खडा तोंडात घातला, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या नवरदेवाने डोळे उघडले. लोक हसायला लागले. तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

मी तिला पोचवायला निघालो.

"थांबली असती तर संपली असती रं मी," ती म्हणाली. "आयस थांबली, तितंच चुकली." मग थोडं चालून, "मागं कोन येतंय का बघ."

लोधिवलीपर्यंत मी मागे बघतच चाललो. कोणी नव्हतं.

दहाव्याला तिच्या झोपडीत गेलो. आवराआवर करताना चुलीमागची चटई उचलली. कुडाच्या भिंतीतल्या कारवीच्या काठ्या कापून तिथे जमिनीलगत एक भगदाड केलेलं होतं. कडा नुकत्याच शेणाने लिंपलेल्या, बाहेरची जागा झाडून काटाकुटा काढलेली. मी वाकून पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या ठकूमावशीचे खांदेसुद्धा त्यात मावले नसते. आठ वर्षांची पोर मात्र सरपटत सहज निघून गेली असती.