मिरजेत इंजिन हरवलं

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या मेहुण्याला असा ठसका लागला की पाठ थोपटून थोपटून माझा हात दुखला! फजिती माझीच आहे, तेव्हा मोकळेपणानं हसा.

तर मी वाफेच्या इंजिनाचा भक्त. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर कुणी नव्या गाड्यांचं कौतुक काढलं की मी सुरू! ते काळंकुट्ट धूड, ती शिट्टी, तो उसासा... आणि आताच्या इंजिनात काय आहे हो? आमचा फ्रीजसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त आवाज करतो!

गेल्या महिन्यात आत्याला घेऊन पुण्याला निघालो. आत्या ऐंशीच्या पुढची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन पुण्यात, तिच्या लेकीकडं. लहानपणी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून इंजिन बघायचो, डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि हीच आत्या पदराच्या टोकानं तो अलगद काढायची. शिव्या देत काढायची, पण काढायची! ते उपकार कुठं फेडणार? म्हणून मीच म्हटलं, मी नेतो तुला.

पण ती तयारच होईना. "मला आता माणूस दिसत न्हाय रं, नुसती सावली दिसती. गाडीत तू कुठं गेलास तर मी काय करू?"

"आत्या, तुझ्याजवळनं हललो तर नाव बदलीन!"

झालं. गाडीत बसलो. समोर मुरगूडचं एक जोडपं होतं. कोल्हापूर सुटल्यापासून मी त्यांना वाफेचं इंजिन समजावून सांगत होतो. नवऱ्यानं रुकडी स्टेशन यायच्या आतच कानात इयरफोन घातले. बायको बिचारी भली, मान हलवत राहिली.

मिरजेला गाडी थांबली. आत्याला ढास लागली.

"घसा वाळला. जा की रं, इंजिनातनं गरम पाणी आण. च्या करू."

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? अहो, वाफेच्या काळात अशीच पद्धत होती! घरून किटलीत चहापूड-साखर घालून न्यायची आणि मोठं स्टेशन आलं की पळत जाऊन ड्रायव्हरपुढं धरायची. तो इंजिनातलं उकळतं पाणी सोडायचा. आमच्या घरात ते खातं माझ्याकडं होतं.

शहाणा माणूस काय म्हणाला असता? "आत्या, तो जमाना गेला." पण मी बोलून बोलून स्वतःलाच त्या जमान्यात नेऊन बसवलेलं! उठलो, थर्मास उचलला, "आलोच" म्हणालो आणि निघालो. मोबाईल तिथंच चार्जिंगला.

गाडीच्या टोकाला पोचलो. बघतो तर काय? इंजिनच नाही!

शेवटच्या डब्याच्या दारात गार्डसाहेब उभे होते. मी ओरडलो, "साहेब, गाडीचं इंजिन गेलं!"

"गेलं न्हाय, त्या टोकाला लागलंय. कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचा."

"कोल्हापूरचं असून मिरजंत गाडी उलटी फिरती, ठावं न्हाय तुमास्नी?"

जन्मभर बघत आलोय मी ते.

"आन् इंजिनाकडं काय काम काढलंसा?"

"गरम पाणी पाहिजे होतं." मी थर्मास पुढं केला.

त्यांनी थर्मासकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग वरच्या तारांकडं बघितलं. "लाइटीवर चालतंय ते. पाणी न्हाय, शॉक मिळंल!"

आणि तेवढ्यात गाडी हलली. ना उसासा, ना धाप! वाफेचं इंजिन कसं, आधी किंचाळणार, मग खोकणार, मग चाकं जागच्या जागी फिरवणार. तोवर माणूस हातातली भजी संपवून डब्यात चढायचा. ही बया चोरपावलानं निघाली!

"साहेब, माझी आत्या आत आहे! तिला दिसत नाही हो!"

मी पळतोय, रिकामा थर्मास हेलकावतोय, आणि त्या देवमाणसानं वाकून हात दिला. गच्च धरून आत ओढलं. मग जे काही सुनावलं ते इथं सांगत नाही. सगळं खरं होतं. बोलून झाल्यावर स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. "प्या. सांगलीला उतरून आपल्या डब्यात जावा."

सांगलीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आत्या हात पुढं करून मला चाचपतेय, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. त्या गार्डसाहेबांचं नाव विचारायचंही राहिलं. जिथं असतील तिथं सुखी असोत.

सांगलीला उतरलो, पळालो, हाताला लागेल त्या डब्यात चढलो आणि आतून माणसं ढकलत पुढं निघालो. गाडी पुन्हा सुटलेली. आमच्या डब्यात येतो तर आमच्या सीटभोवती ही गर्दी!

गर्दीत घुसलो. मधोमध आत्या मांडी घालून बसलेली! हातात वाफाळता चहा, ओच्यात भडंग, आणि मुरगूडची बाई तिचा हात धरून.

झालं होतं असं. कुणीतरी विचारलं, "आजी, संगं कोण?" आत्या म्हणाली, "भाचा हाय, इंजिनाकडं गेलाय." आणि गाडी सुटली! बातमी पुढच्या बाकापर्यंत जाईस्तोवर भाचा इंजिनात चढला, दारापर्यंत पोचेस्तोवर ड्रायव्हर झाला. मुरगूडकर बाईंनी शिक्का मारला, "तरीच सारखं इंजिनाचं बोलत हुते! मिरजंपास्नं डूटी असणार." मग काय, आजींना खिडकी, आजींना चहा. एकजण तर अर्ज घालत होता, "आजी, साताऱ्यात जरा जास्त थांबवाय सांगा की."

मी आत्याचा हात हातात घेतला. डोळे भरून आले. त्या बाईंकडं वळलो. "ताई, माझ्या आत्याला सांभाळलंत, तुमचे उपकार कसे..."

बाईंचा चेहरा पांढराफटक! "अवो, तुम्ही हितं? मग गाडी कोण चालवतंय?"

एकजण साखळीकडं हात न्यायला लागला.

आत्यानं शांतपणे चहाचा घोट घेतला. "बसा गप समदी. ह्यो लांब हाय तवरच ती नीट चालती."