ओगुरोनसमोर पडणारा माणूस

तेइजी हिरानुमा जळायचा, आणि ते लपवणंही त्याला जमत नव्हतं. तोक्योच्या सेतागाया भागातल्या त्या स्टुडिओत सुतारापासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की कुरामोचीचं नाव निघालं की तेइजीचं जेवण अर्ध्यावर थांबतं.

कुरामोची म्हणजे सिनेमातल्या ओगुरोनच्या सोंगातला माणूस. ओगुरोन म्हणजे समुद्रातून उठून शहर तुडवत येणारा अजस्र राक्षस. पहिला सिनेमा आला तेव्हा युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. जळतं शहर पडद्यावर पाहून थिएटरात बाया रडल्या होत्या. त्या सिनेमात ओगुरोन एकटाच होता. सिनेमा धो धो चालला, मग कंपनीला वाटलं की याला भांडायला कुणीतरी हवं. त्या भांडणासाठी तेइजीला घेतलं. आधी तो खेकडा झाला, मग दोन डोक्यांचा पक्षी, मग गोगलगाय, मग परग्रहावरून आलेलं काहीतरी, ज्याची पुढची बाजू कोणती हे त्यालाही विचारावं लागे. सोंग दरवेळी नवं, काम तेच. मार खायचा आणि पडायचं.

ओगुरोन मात्र टिकला. तो रंगीत झाला, त्याचे डोळे मोठे झाले, शहरं तुडवायची सोडून तो वाचवायला लागला. एका सिनेमात तर मेला नाचलासुद्धा. पोरं त्याच्यावर जीव टाकायला लागली. आता यात कुरामोचीने असा काय पराक्रम केला होता? रबर आणि बांबूचं धूड अंगावर चढवून तो चालत होता, एवढंच. तेइजी दुसरं काय करत होता? दिव्यांच्या भट्टीत त्याच्याही बुटांतून घाम ओतून काढावा लागे. पण ओगुरोनचं सोंग कुरामोचीच्या अंगाचा साचा काढून बेतलेलं असायचं, आणि तेइजीची सोंगं सिनेमा संपला की फाडून त्यांचं रबर पुढच्या कामाला लावत. ते तर त्याला फारच लागायचं.

एकदा एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर पोरांसाठी दोघांची लुटुपुटूची लढाई ठेवली होती. ती संपल्यावर ओगुरोनशी हात मिळवायला रांग लागली. गोगलगायीच्या मानेतल्या भोकांतून तेइजीने पाहिलं, तर रांगेत त्याचीच मुलगी चिझुरू उभी.

"अगं, गोगलगायीत तुझा बाप होता ना?" घरी जेवताना त्याने विचारलं.

"हो, पण तुम्ही हरलात ना, बाबा!"

त्याची बायको फुकुए मिसोचं सार वाढता वाढता फिसकन हसली. तेइजीने वाटी बाजूला सारली. "हसा, हसा! जा दोघी कुरामोचीकडेच राहायला."

"अहो, ते काय घरी शेपूट घालून बसतात?" फुकुए म्हणाली. "गप जेवा."

पुढे सिनेमाचे दिवस फिरले. घरोघर टीव्ही आला, थिएटरं ओस पडायला लागली, आणि त्याच सुमारास कुरामोचीचे गुडघे गेले. राक्षसांची दृश्यं घेणारे दिग्दर्शक हाशिझुमे साहेब यांनी तेइजीला बोलावून घेतलं.

"नवा ओगुरोन तुझ्या अंगावर बेतायचा म्हणतोय. चालेल ना?"

चालेल ना! तेइजी प्लॅस्टरच्या थराखाली तासन्‌तास उभा राहिला आणि एकदाही कुरकुरला नाही. फुकुएने त्या दिवशी सणाला करतात तसा लाल दाण्यांचा भात केला. वर आणखी बातमी आली. पडणाऱ्या विंचवाचं सोंग कुरामोचीने स्वतः मागून घेतलं होतं. ते हलकं होतं, त्याच्या गुडघ्यांना झेपण्यासारखं. तेइजीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता पड म्हणावं. कळू दे कसं लागतं ते.

शेवटच्या लढाईसाठी अख्खं बंदर उभारलं होतं. कारखाने, चिमण्या, क्रेन, सगळं प्लॅस्टरचं आणि कमरेएवढं. एकदा मोडलं की मोडलं, दुसरी संधी नाही. कुणीतरी शकुनाचं म्हणून कोपऱ्यांत मीठ टाकलं, कॅमेरे सुरू झाले. तेइजीने शेपूट हाणली. विंचू झोकांडला, क्षणभर जागीच डुलला, स्वतःभोवती गिरकी घेत कारखान्यावर असा कोसळला की बंदर पांढऱ्या धुळीत बुडालं.

सोंगाच्या आत स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. तरी तेइजीला टाळ्या ऐकू आल्या. इतक्या वर्षांत त्या फरशीवर त्याने टाळी ऐकली नव्हती. त्याने दोन्ही पंजे वर केले.

"अरे, हात खाली घे," सोंग चढवणारा म्हातारा मित्सुओ मागून ओरडला. "चेन अडकतेय!"

चेन उघडली, तेइजीने डोकं बाहेर काढलं. त्याच्याजवळ मित्सुओशिवाय कुणीच नव्हतं. सगळा स्टुडिओ विंचवाभोवती जमला होता. हाशिझुमे साहेब गुडघ्यांवर बसून कुरामोचीच्या तोंडावरचा चुरा झाडत होते. "काय पडलास रे! काय पडलास!"

तेइजीच्या अंगाची लाही लाही झाली. ओगुरोन हातात आला आणि टाळ्या त्या माणसामागे निघून गेल्या. तो शेपूट फरफटत तिथे गेला.

"पडण्यातही पुढे जायचं होतं तुला? तेवढं तरी माझ्यापुरतं ठेवायचंस!"

कुरामोची पडल्या पडल्या हसला. "येड्या, हे पडणं तुझंच आहे. ओगुरोनच्या आतून मला दिसायचं काय? ना शहर, ना कॅमेरा. त्या दोन भोकांत फक्त तू. तू असा पडायचास म्हणून मी जिंकल्यासारखा दिसायचो. घरी गादीवर पडून पडून शिकलो मी हे, बायको वेडा म्हणायची. फार जळायचो रे तुझ्यावर."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस ते?"

"बोललो असतो तर तू इतक्या रागाने पडला असतास?"

तेइजीला सगळं पटलं, आणि जळणं तसूभरही कमी झालं नाही. टाळ्या त्याच्या पडण्याला होत्या, आणि घेत होता दुसराच.

"ऊठ तिथून," तो म्हणाला. "मला पडायचंय."

"कशावर पडणार?" कुरामोचीने विचारलं.

तेइजीने वळून पाहिलं. बंदरात एकही चिमणी उभी नव्हती.