जवळा बाजारची रेखा

शिरड शहापूरच्या स्टँडवर आई-बाबा मला सोडायला आले होते. पुण्यातल्या कंपनीत नोकरी लागली होती. सोबत जवळा बाजारची रेखा होती. कॉलेजातली मैत्रीण, एवढंच घरी ठाऊक. आईनं तिला जवळ घेतलं. "दोघी बराबर राहा. एकमेकीला सोडू नका."

हडपसरला खोली घेतली आणि आम्ही जोडप्यासारख्या राहू लागलो. एका सहकाऱ्यानं प्राइडच्या, आमच्यासारख्यांच्या मोर्चाला नेलं. तेव्हा मोर्चा लहान होता. पुढं पोलीस, मागं आम्ही, बरेचजण तोंड झाकून. जंगली महाराज रस्त्यावर एका बाईनं विचारलं, "कशाचा मोर्चा?" रेखा स्कार्फआडून म्हणाली, "प्रेमाचा हाय, मावशी."

दर वर्षी माणसं वाढत गेली. असं प्रेम गुन्हा नाही, असा कोर्टाचा निकाल आला, मग काहींचे आईबापही चालायला आले. मुलाचा हात धरून चाललेल्या एका बापाकडं रेखा बघत राहिली, रडली आणि तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला.

कुणीतरी काढलेला तिचा तसा फोटो मोबाइलवरून जवळा बाजारला पोचला. तिचा भाऊ आला. "आई बिमार हाय, भेटून जा." ती गेली, आणि फोन बंद झाला. महिन्याभरानं माझ्या आईनं कळवलं, "रेखाला पुसेगावला दिली." मग बाबांनी फोन घेतला. "तू गावाकडं येऊ नको."

मी मोर्चात चालत राहिले. आता गर्दीत परभणीच्या, हिंगोलीच्या मुलीही दिसतात, उघड्या तोंडानं. त्यांना बघून बरं वाटतं, आणि आतून तुटतंही.

गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा बाबांनीच बोलावलं. भेटायला येणाऱ्या बायांत रेखा होती, कडेवर लेकरू घेऊन. ती माझ्याशेजारी बसली.

"बरी हायेस?" मी विचारलं.

"व्हय." मग हळूच म्हणाली, "अजून चालता का तुमी?"

"चालतो."

"लई लोक येत असतील."

"लई."

बाहेरून नवऱ्यानं हाक मारली. तिनं लेकराला सावरलं आणि उठली.

पुण्यात कुणी विचारलं, तर घर हिंगोली जिल्ह्यात आहे म्हणून सांगते. पण तिथं मला आता कोण थांब म्हणणार? हडपसरची खोली लहान पडते, ओल येते, मैत्रिणी दुसरी बघ म्हणतात. मी बदलत नाही. रेखाला हाच पत्ता माहीत आहे.