ताक बंद

मालनबाईनं तांबी बसवली तेव्हा मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. दुष्काळात खडी फोडता फोडता तिसरं मूल झालं आणि तिच्या अंगातलं बळ पार आटलं. त्यात लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात दूध सोसायटी निघाली, आणि दुधाची फॅट तपासायचं काम तिला मिळालं. आता पाळणा पुन्हा हलला तर हे काम जाणार, हे उघड होतं. नवरा बब्रुवान म्हणाला, तुझं तू बघ. तिनं बघितलं.

सासूला, केशरबाईला, महिन्याभरानं कळलं. प्लास्टिकचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याला गुंडाळलेली तांब्याची तार, असं सून समजावत होती. सासूनं सगळं ऐकून एकच विचारलं, "कल्हई केलीय का?"

बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे केशरबाई जन्मभर बघत आली होती. त्यात पुढची पाळी आली ती जोरात, पोटात कळा घेऊन. पहिले काही महिने असं होतं, ताप आला तर मात्र लगेच या, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तांबी बसवतानाच सांगितलं होतं. पण केशरबाईनं ठरवून टाकलं, सून आतून कळकली. दुसऱ्या दिवशी तिनं मालनला एसटीत बसवून दवाखान्यात नेलं, तांबी काढायला.

नर्सबाईंनी तपासलं. तांबी जागेवर होती. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, काढायची तर मालननं सांगावं, आत्ता काढते.

मालनबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, देवापुढच्या तांब्याला आपण कधी कल्हई केली का? त्यातलं पाणी तर तुमी रोज पिता."

"पाण्याला चालतंय. ताकाला न्हाय चालत."

"मंग माझ्या पोटात कुठं ताक हाय?"

नर्सबाई तोंड फिरवून कपाट आवरू लागल्या. केशरबाईनं बराच विचार केला.

"ऱ्हाऊ दे तर," ती म्हणाली. "पर आजपासनं तुला ताक बंद."

चार महिन्यांत कळा थांबल्या. पाळी पहिल्यापेक्षा जरा जास्त जायची, त्याची सवय झाली. पाळी सरली की आंघोळीच्या वेळी दोरा बोटाला लागतो का बघायचं, दर तीन वर्षांनी तांबी बदलून घ्यायची, एवढंच काय ते काम. बाकी ती आत आहे हे मालनबाई विसरूनच जायची. आठवण व्हायची ती जेवताना. अख्ख्या गावाचं दूध जिच्या हाताखालून जायचं, ती बाई घरी घोटभर ताकाला मोताद होती. सोसायटीत कुणी पेला पुढं केला तरी ती घ्यायची नाही. सासूनं आपलं ऐकलं होतं, मग आपणही ऐकायचं, असं ती हसून सांगायची.

पाळी कायमची थांबून वर्ष उलटलं, तेव्हा नर्सबाईंनी शेवटची तांबी काढली. मालनबाई घरी आली तर केशरबाई उंबऱ्यात बसलेली. नजर अधू झालेली, मांडीवर ताकानं भरलेलं पितळेचं पातेलं.

"पी पोटभर," ती म्हणाली. "कालच कल्हई करून आणलंय."