तोफ वर

आमची पोस्टिंग तेव्हा पंजाबात होती. आमची म्हणजे ह्यांची, हे टँकवर गनर होते, लान्स दफेदार, पण लग्न करून मी तिकडे गेले तर पोस्टिंग माझीपण झालीच ना. मी एकोणीस वर्षांची, शाळा सातवीपर्यंत, डोंबिवली सोडून कुठे राहिलेली नाही. एका खोलीचं क्वार्टर. पाचला हे उठायचे, सहाला पीटी, आठला टँकच्या शेडमध्ये. दुपारी दीडला जेवायला यायचे, आणि पाठोपाठ जगतार.

टँकमध्ये माणसं तीन. वर कमांडर रिसालदार साहेब आणि बाजूला हे. पुढे, खाली, एकटा ड्रायव्हर, तो जगतार. सवार जगतार, सवार म्हणजे साधा जवान, बावीस वर्षांचा सरदार. ह्यांना उस्ताद म्हणायचा, मला भाभी. मी रोज भात करते बघून एक दिवस म्हणाला, "भाभी, चावल का पानी फेंकना मत. पगड़ी कड़क होती है."

मग मी पेज गाळून बाटलीत ठेवायला लागले. तो रविवारी पगडी धुवून पेजेत बुडवायचा. हे चिडवायचे, "तेरी पगड़ी में से भात की बास आती है."

"उस्ताद, जलो मत. आपके सर पे तो बाल भी नहीं."

एक्सरसाइजला, म्हणजे युद्धसरावाला, निघाले त्या दिवशी पहाटे मी त्याला दोन बाटल्या भरून दिल्या. मी दिल्या. हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला बोलले नाही.

आता जे सांगते ते ह्यांनी मला सांगितलं, एकदाच. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्यातूनच तो आत-बाहेर करतो. तोफ वर असली तर झाकण उघडतं. तोफ समोर खाली झुकलेली असली तर नळी झाकणावर येते, मग ते उघडत नाही. म्हणून पाण्याजवळ टँक हलवायच्या आधी तोफ वर करायची, हा नियम. ते काम गनरचं.

त्याच दिवशी साडेबाराला हॉल्ट होता, नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावर. जगतारने पगडी धुतली, पेज लावली. एक टोक झाडाला बांधलं, दुसरं तोफेला. हात पोचत नव्हता म्हणून ह्यांनी तोफ झाडाकडे फिरवून खाली केली. तेरा पन्नासला रेडिओवर ऑर्डर आली.

"टँगो टू, मूव्ह. मूव्ह नाऊ."

जगतारने ओलीच पगडी ओढून काढली, डोक्याला गुंडाळली, आत बसला, झाकण लावलं. ह्यांनी तोफ समोर आणली, वर करायची राहून गेली. टँक निघाला. काठ भिजलेला, टँक सरकला आणि नाकावर नहरीत गेला. पाणी भरायला लागलं. इंटरकॉमवर जगतार बोलला, "उस्ताद, तोफ ऊपर." घाबरलेला नव्हता म्हणे, नुसतं आठवण करून दिल्यासारखं. तेवढ्यात लाइट गेली, हे तोफेचं चाक हाताने फिरवायला लागले, पण पाणी छातीपर्यंत आलेलं, रिसालदार साहेबांनी ह्यांना गळ्याला धरून बाहेर ओढलं. हे तीन वेळा खाली बुडून झाकण ओढून आले. चौदा वीसला टँक ओढायची रिकव्हरी गाडी आली, तोवर जगतार आतच.

कागदावर आलं, काठ खचून अपघात. तोफेचं कुणी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

त्या पाण्याने ह्यांचा एक कान गेला. मेडिकलवर नोकरी सुटली, घरी आलो, मानपाड्याला चाळीत खोली घेतली, हे एमआयडीसीत सिक्युरिटीला लागले. पिंकी झाली. मला वाटलं, संपलं.

मग ह्यांनी कंपनीच्या भंगारातून एक टँक आणला. खेळण्यातला, रिमोटवरचा, हातभर लांब, साहेबाच्या पोराने मोडलेला. एक पट्टा तुटलेला, मोटर जळलेली. सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापला, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. मी खूश, पोरीसाठी करतायत. पण चालायला लागला तरी हे थांबेनात. मूळची तोफ हलत नव्हती, ती दोरा आणि चकती लावून वर-खाली व्हायला लागली. मग पावडरच्या डब्याचा पत्रा कापून ड्रायव्हरचं झाकण, बारीक बिजागरी, आतून स्प्रिंग. मग रिमोटवर लाल दिवा, तोफ झाकणावर आली की पेटायचा. "हा तेव्हा असता तर," एवढंच म्हणाले.

मग रोज. ड्यूटीवरून आले की मोरीत घमेलं भरायचं, टँक पाण्यात घालायचा. तोफ खाली, झाकण बंद. तोफ वर, झाकण टक्‌ करून उघडं. परत. परत. तोंडाने पुटपुटणं चालू, तोफ वर, तोफ वर. पिंकी सव्वा वर्षाची, आई म्हणायच्या आधी ती "वल, वल" म्हणायला लागली. मला झोप लागेना. भाजी चिरताना ते टक्‌ ऐकू आलं की हात थांबायचा.

त्यात पोस्टकार्ड आलं. जगतारच्या बापाचं. ट्रक घेऊन कल्याण मार्केटला येतो, रविवारी भेटतो, माझ्या मुलाचा शेवटचा दिवस तुम्ही बघितलाय.

"मी त्यांना दाखवणार," हे म्हणाले.

"काय दाखवणार?"

"सगळं. टँक चालवून."

"अहो, वेड लागलंय का? पेन्शन जाईल, तुरुंगात घालतील, पोरीला घेऊन मी कुठे जाऊ?"

"जाऊ दे."

पेन्शनचं मी तोंडाने म्हटलं. खरी भीती वेगळी होती. मी पिंकीकडे बघायचे आणि वाटायचं, माझी पोर अशी गेली असती तर मी त्या माणसाला सोडलं नसतं. रविवारी हे अंघोळीला गेले तशी मी रिमोटमधले सेल काढले आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसले.

अकरा वीसला ते आले. उंच, पांढरी दाढी, निळी पगडी, वाकून दारातून आत. चहा घेतला. पिंकीला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "बोलो बेटा."

ह्यांनी घमेलं पुढे ओढलं, टँक ठेवला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. रिमोट उलटा केला, रिकामं खोकं बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जगतारचं झाकण ओढून आले तेव्हा असेच दिसत असतील, असं मला वाटलं.

मी उठले. डब्यात कोपरापर्यंत हात घातला, सेल काढून दिले, आणि तोंडातून एका दमात निघून गेलं, "बाबाजी, पानी मैंने दिया था. चावल का पानी. पगड़ी के लिए. उसी के वास्ते तोफ नीचे की."

 ह्यांनी टँक पाण्यात नेला, तोफ खाली. लाल दिवा पेटला. झाकण हललं, नळीला अडलं. "मुझे ऊपर करनी थी," हे म्हणाले. "मेरा काम था. मैं भूल गया."

बाबाजींनी एक बोट पुढे केलं. बोटानेच तोफ जराशी उचलली. टक्‌.

"इतनी सी," ते म्हणाले.

कितीतरी वेळ बोट तसंच तोफेखाली धरून बसलेले. नळाचं पाणी पडत होतं, बंद करायला कुणी उठलं नाही. मग विचारलं, "सर पे पगड़ी थी? या नंगे सर गया?"

"थी," हे म्हणाले. "गीली थी. पर बाँधी थी, मैंने देखी."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. जाताना दारात थांबले, माझ्याकडे वळले.

"बेटी, आज चावल बनाया?"

"हाँ जी."

"उसका पानी है? मेरी पगड़ी भी ढीली रहती है."

मी बाटली शोधली, भरताना अर्धी पेज ओट्यावर सांडली. बाटली गरम होती, ती त्यांनी सदऱ्यात गुंडाळून नेली.

घमेलं त्या दिवसापासून कपड्यांना वापरते. टँक फळीवर आहे, तोफ वर करून. पुसताना मी नळीला हात लावत नाही, पिंकीलाही लावू देत नाही. बाबाजींचा ट्रक महिना-दोन महिन्यांनी कल्याणला येतो. त्या दिवशी मी भात जास्त घालते, पेज गाळते, दोन बाटल्या भरते. एक ते नेतात. दुसरी टँकशेजारी ठेवते, सवार जगतारची.