उजवीकडचा फाटा

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातल्या मामांचा कुणावर म्हणून विश्वास नसे. देहदानातून आलेल्या मृतदेहांच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू सोडवायचा, त्याच्या रक्तवाहिन्यांत लाल रंग भरायचा आणि नमुना बरणीत ठेवायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. बरणीवरची चिठ्ठी स्वतः चिकटवलेली असली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून बघायचे. अशा माणसाच्या बायकोच्या महाधमनीला फुगा आला आणि ऑपरेशन ठरलं, म्हणजे विचारायलाच नको!

सर्जन त्यांच्याच कॉलेजात शिकलेला. "मामी आठवड्यात चालायला लागतील," तो हसून म्हणाला आणि मामांच्या मनात पाल चुकचुकली. एवढं हसण्यासारखं काय आहे?

मज्जारज्जूच्या पुढून एकच धमनी उतरते, मागून दोन बारीक. मोठा भार पुढचीवर. पण वरून आलेलं रक्त तिला कमरेपर्यंत पुरत नाही. म्हणून खालच्या बरगड्यांपाशी महाधमनीकडून एक जाड फाटा येऊन तिला मिळतो. ऑपरेशनमध्ये तोच बंद पडला, तर माणसाचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात.

"डॉक्टर, तिचा फाटा कुठल्या बाजूला आहे, बघितलंत?"

"डावीकडेच असतो, मामा. तुमच्याच बरण्यांवर शिकलोय मी."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. पाच-सहा देहांमागे एखादा फाटा उजवीकडे निघायचा. परीक्षेत पोरांचा गोंधळ नको, म्हणून तसले नमुने मामा स्वतःच कपाटात मागे सारत. आजवर साऱ्या जगाचा संशय घेतला, स्वतःच्या हातांचा तेवढा राहून गेला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उजवीकडचे मी तुम्हाला दाखवलेच नाहीत," ते म्हणाले. "लपवले. आधी नीट तपासा, मगच तिला हात लावा."

सर्जनचं हसू मावळलं. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. तपासणीत फाटा निघाला उजवीकडे. तो सांभाळूनच मग फुग्याचं काम झालं.

मामी शुद्धीवर आल्या, तेव्हा मामा पायथ्याशी उभे होते.

"अंगठा हलव."

हलला.

"दुसरा."

तोही हलला.

"तूच हलवलास, की आपोआप हलला?"

"जवळ या," मामी क्षीण आवाजात म्हणाल्या, "लाथ घालून दाखवते."

मामा डोळे पुसत खरंच जवळ सरकले.