काकूंचा पोपट

गंधकाच्या धुरीचा वास आला की आठवतं, बेदाण्याच्या धंद्यात माझ्याएवढं डोकं तासगावात कुणाला नव्हतं. खोक्यावर छापायला एक चित्र मातुर मला सुचंना. मग शेजारच्या काकूंच्या बेदाण्याच्या खोक्यावरचा पोपट, जो बघून गिऱ्हाईक त्यांचा माल वळखायचं, त्योच उचलून मी माझ्या नावानं ट्रेडमार्कच्या अर्जात घातला. वकील म्हणाला, "आता सरकारी जर्नलात छापून येईल. चार म्हैन्यात कुणी हरकत घेतली न्हाई, तर पोपट तुजा." काकू कुठलं जर्नल बघत्यात! पण त्या रोज माझ्या शेडवर च्या धाडायच्या, आन त्यो घशाखाली उतरंना. शेवटी जाऊन पाय धरलं. "आवं काकू, तुमचा पोपट मी पळवतोय. हरकत घ्या माझ्यावर!" काकू बेदाणा निवडत म्हणाल्या, "कवाच घेतलीया. च्या पी, आन दुसरं पाखरू हुडक."